शुद्धतेचा प्रश्न आणि रशियन राष्ट्रीय संगीत

एकोणिसाव्या शतकातील रशियन राष्ट्रीय संगीताचे विवेचन बहुतेक ग्रंथकार लोकगीतांपासून सुरू करतात. त्यात गैर काही नाही. परंतु लोकगीत उचलून ते अभिजात रचनेत बसवण्याची चाल रशियनांनी पाडलेली नव्हती, आणि केवळ तेवढ्याने कोणतेही संगीत त्या देशाचे होत नाही. निकोलाय ल्वोव्ह आणि झेक वंशाचा संगीतकार इव्हान प्राच यांनी १७९० मध्ये रशियन लोकगीतांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील 'स्लावा' हे जयजयकाराचे गीत बेथोव्हेनने काउंट रझुमोव्स्की या व्हिएन्नातील रशियन राजदूतासाठी १८०६ मध्ये रचलेल्या तीन तंतुवाद्य-चतुष्कांपैकी दुसऱ्यात योजले, आणि साठेक वर्षांनी तेच गीत मोदेस्त मुसोर्गस्कीने 'बोरिस गोदुनोव्ह' या ऑपेरातील राज्याभिषेकाच्या प्रवेशात घेतले. गीत एकच असूनही बेथोव्हेनची रचना पूर्णपणे व्हिएन्नाची राहते आणि मुसोर्गस्कीचा प्रवेश ऐकताना तो रशियाखेरीज अन्यत्र कोठे घडू शकेल असे वाटत नाही. हा फरक कोठून आला, याचा शोध घेऊ लागले की लक्ष लोकगीतांच्या याद्यांवरून हटून एका निराळ्याच प्रश्नाकडे जाते. संगीतात शुद्ध काय आणि अशुद्ध काय हे कोणी ठरवायचे, हा तो प्रश्न होय. सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यावर सुमारे अर्धशतक वाद चालला, आणि रशियन राष्ट्रीय संगीताचे जे खरोखर स्वतःचे आहे ते या वादातूनच घडले, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

वाद समजण्यासाठी ज्या नियमांवरून तो झाला त्यांची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे. युरोपीय अभिजात संगीताचा पाया हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे मेळ आणि त्या मेळांनी एकामागून एक कोणत्या क्रमाने यावे याची शिस्त, हा आहे. अठराव्या शतकात ही शिस्त प्रामुख्याने जर्मन आणि इटालियन रचनांच्या आधारे पक्की झाली, आणि तिचा गाभा असा की काही मेळ कानाला अस्वस्थ करतात व त्यांनी ठरावीक स्थिर मेळावर येऊन विसावलेच पाहिजे. या विसाव्यासाठी षड्जाच्या लगत खालचा स्वर, म्हणजे शुद्ध निषाद, फार महत्त्वाचा मानला जातो. इतका की ज्या स्वरसप्तकात मुळात कोमल निषाद आहे तेथेही शेवटाकडे येताना तो चढवून शुद्ध करावा, असा पाठ्यपुस्तकी दंडक आहे. रशियन खेडुतांच्या अनेक गीतांत मात्र निषाद कोमलच राहतो, गीत कधीकधी षड्जावर न थांबता भलत्याच स्वरावर थांबते, आणि समूहाने गाताना कोणी एकाच चालीवर काटेकोर राहत नाही. मुख्य गायकाच्या चालीभोवती इतर जण आपापल्या परीने आडवळणे घेतात, ज्यांना रशियनमध्ये 'पोदगोलोस्की' म्हणतात. गायकाच्या पाठोपाठ जाणाऱ्या सारंगीवादकाने तीच ओळ किंचित निराळी वळवून वाजवावी, तसा हा प्रकार असतो. प्राचने या गीतांना पियानोची साथ लिहिताना कोमल निषादांची सोय पाहिली नाही आणि सर्व गीते पाठ्यपुस्तकी हार्मनीत बसवली. छापील पानावर गीत उरले, पण त्याचे वळण हरवले.

या दृष्टीने पाहता मिखाईल ग्लिंका (१८०४–१८५७) याचे महत्त्व प्रथम रशियन ऑपेरा लिहिण्यात नाही, कारण रशियन भाषेत ऑपेरे त्याच्या आधीही होत होते. स्मोलेन्स्क प्रांतातल्या जमीनदाराच्या घरी वाढलेला, इटलीत राहून आलेला आणि बर्लिनला सीगफ्रीड डेन याच्याकडे हार्मनी व काउंटरपॉइंट, म्हणजे दोन किंवा अधिक स्वतंत्र चाली एकत्र चालवण्याची विद्या, शिकलेला ग्लिंका नियम पक्के जाणत होता. 'झारसाठी प्राणार्पण' हा त्याचा ऑपेरा १८३६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या बोल्शोय थिएटरात झाला. इव्हान सुसानिन या कोस्त्रोमाच्या शेतकऱ्याने १६१३ च्या सुमारास पोलिश सैनिकांची वाट चुकवून नव्या झारचे प्राण वाचवले, अशी त्याची कथा आहे आणि झार पहिला निकोलस याला ती साहजिकच प्रिय झाली. राजनिष्ठेचा हा भाग आता फारसा हेलावून टाकत नाही. परंतु तिसऱ्या अंकात नवरीच्या मैत्रिणी जे गीत गातात, ते पाच मात्रांच्या आवर्तनात आहे, आणि ही घटना राजनिष्ठेपेक्षा दूरगामी ठरली. तत्कालीन युरोपीय रचनाकार दोन, तीन, चार किंवा त्यांच्या पटीतील मात्रांपलीकडे क्वचितच जात. पाच मात्रा हा विक्षिप्तपणा समजला जाई. रशियन लग्नगीतांत मात्र पाच अक्षरांचा आणि मधल्या अक्षरावर आघात असणारा चरण वारंवार येतो, आणि त्याला चारात कोंबले की भाषेचा आघात मोडतो. ग्लिंकाने आघात राखला आणि आवर्तन बदलले.

ती वाट पुढे बंद पडली नाही. मुसोर्गस्कीच्या 'चित्रप्रदर्शन' (१८७४) या पियानो-रचनेत प्रेक्षक एका चित्राकडून दुसऱ्याकडे चालत जातो तो भाग पाच आणि सहा मात्रांच्या आवर्तनांत आलटून पालटून लिहिला आहे. निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्हच्या 'हिमकन्या' (१८८२) या ऑपेरातील अखेरचे सूर्यस्तोत्र अकरा मात्रांचे आहे. आणि राष्ट्रीय गटाबाहेरच्या प्योत्र चायकोव्स्कीनेही आपल्या सहाव्या सिंफनीचा (१८९३) दुसरा भाग पाच मात्रांच्या वॉल्ट्झसारखा रचला. झपताल आणि रूपक रोज ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला यात धाडस ते काय, असे वाटणे शक्य आहे. परंतु ज्या परंपरेत विषम मात्रांना जवळजवळ जागाच नव्हती तेथे ती निर्माण करणे ही मोठी गोष्ट होती.

ग्लिंकाची दुसरी देणगी 'कामारिन्स्काया' (१८४८) ही ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली छोटी रचना होय. तीत एक संथ लग्नगीत आणि एक नाचाचे गीत अशी दोन गीते आहेत, आणि वरवर परस्परांशी संबंध नसलेल्या या दोन गीतांत ग्लिंकाला आतून नाते दिसले, इतके की एकातून दुसरे कधी उमलले हे सहज कळत नाही. जर्मन रीतीने अशा बीजाचे तुकडे पाडून, त्यांना निरनिराळ्या स्वरस्थानांतून फिरवून विस्तार करायचा असतो. ग्लिंका तसे करत नाही. नाचाचा तीन आवर्तनांचा चिमुकला तुकडा पुनःपुन्हा तसाच येतो, आणि बदलते ते त्याच्या मागचे रंगद्रव्य, म्हणजे वाद्ये, साथीचे स्वर आणि हार्मनी. गावच्या वादकाची हीच रीत असते; चाल सोडायची नाही आणि प्रत्येक फेरीत सजावट बदलत राहायची. ओकचे झाड जसे फळातल्या बीजात असते तशी सारी रशियन सिंफनीची परंपरा या रचनेत आहे, अशा अर्थाची नोंद चायकोव्स्कीने १८८८ च्या रोजनिशीत केली आहे, आणि ती अतिशयोक्त नाही.

ग्लिंकानंतर जो गट पुढे आला त्याचे स्वरूप समजण्यासाठी तत्कालीन समाजव्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. रशियन साम्राज्यात प्रत्येकाचा दर्जा कायद्याने ठरलेला असे आणि चित्रकाराला अकादमीमार्फत जो दर्जा मिळे तो संगीतकाराला नव्हता. संगीतावर पोट भरणारा एक तर परदेशी असे किंवा जमीनदाराच्या खाजगी ऑर्केस्ट्रातला भूदास, आणि कुलीन मनुष्य संगीत केवळ हौसेने करी. अंतोन रुबिनस्टाइन या थोर पियानोवादकाने ही स्थिती बदलण्याचा चंग बांधला. १८५९ मध्ये रशियन म्युझिकल सोसायटी आणि १८६२ मध्ये सेंट पीटर्सबर्गची कॉन्झर्वेटरी त्याच्या खटपटीने उभी राहिली, आणि तेथील पदवीधरांना 'स्वतंत्र कलावंत' हा कायदेशीर दर्जा मिळू लागला. शिक्षणक्रम अर्थातच जर्मन पद्धतीचा होता. त्याच वर्षी मिली बालाकिरेव्हने गाव्रिल लोमाकिनच्या सहकार्याने मोफत संगीतशाळा काढली, आणि शहरात दोन छावण्या पडल्या.

बालाकिरेव्ह (१८३७–१९१०) निझ्नी नोव्हगोरोदहून राजधानीत आलेला, ग्लिंकाचा त्याच्या अखेरच्या काळात स्नेह लाभलेला, विलक्षण स्मरणशक्तीचा आणि तितक्याच हुकमी स्वभावाचा तरुण होता. त्याच्याभोवती जमलेल्यांत सेझार क्युई हा तटबंदीशास्त्राचा जाणकार लष्करी अभियंता होता, मुसोर्गस्की प्रेओब्राझेन्स्की पलटणीचा अधिकारी आणि पुढे सरकारी कारकून, रिम्स्की-कोर्साकोव्ह नौदलात, आणि अलेक्झांडर बोरोदिन हा वैद्यकीय-शल्य अकादमीत रसायनशास्त्राचा प्राध्यापक. कोणीही कॉन्झर्वेटरीत शिकलेला नव्हता. त्यांनी बाखपासून बर्लिओझ आणि लिस्टपर्यंतच्या रचना पियानोवर एकत्र वाजवून, त्यांची चिरफाड करून आपले शिक्षण केले. व्याकरण आधी आणि साहित्य मागाहून या क्रमाऐवजी त्यांनी साहित्यातून जमेल तेवढे व्याकरण उचलले. त्यांचा पाठीराखा व्लादिमीर स्तासोव्ह हा सार्वजनिक ग्रंथालयात काम करणारा समीक्षक होता. १८६७ मध्ये स्लाव पाहुण्यांसाठी बालाकिरेव्हने केलेल्या मैफलीवर लिहिताना त्याने रशियन संगीतकारांचा हा गट लहान असला तरी बलवान आहे, अशा आशयाचे शब्द वापरले, विरोधकांनी ते टिंगलीसाठी उचलले आणि पुढे तेच नाव सन्मानाचे झाले.

या गटाने लोकगीते ज्या कानाने ऐकली तो प्राचच्या कानाहून वेगळा होता. बालाकिरेव्ह १८६० मध्ये वोल्गाकाठी हिंडला आणि १८६६ मध्ये त्याने ४० गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. नावा ओढणाऱ्या मजुरांचे, पुढे जगभर गाजलेले 'एय उखनेम' हे गीत छापील रूपात प्रथम येथेच आढळते. या संग्रहात कोमल निषाद कोमलच ठेवलेला आहे आणि साथीचे मेळ गीताच्या स्वरांतूनच निवडलेले आहेत. पोदगोलोस्कीची गुंफण त्यातही पूर्णपणे उतरलेली नाही. त्यासाठी शतकाच्या अखेरीस फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांत गेलेल्या एव्हगेनिया लिन्योवाची वाट पाहावी लागली. तरीही चाल जे सांगते त्याप्रमाणे हार्मनी वाकवायची, हे तत्त्व बालाकिरेव्हने प्रत्यक्ष करून दाखवले, आणि संग्रहाचे ऋण पुढच्या प्रत्येक रशियन रचनाकारावर आहे.

या तत्त्वाचा सर्वांत टोकाचा आणि सर्वांत फलदायी उपयोग मुसोर्गस्कीने केला, आणि तोही लोकगीतापेक्षा बोलण्याच्या बाबतीत. अलेक्झांडर दार्गोमिझ्स्कीने आयुष्याच्या शेवटी पुश्किनचे 'पाषाणाचा पाहुणा' हे नाटक जवळजवळ शब्दही न बदलता ऑपेरात रूपांतरित करायला घेतले होते; गाण्यासाठी वेगळी पदे नाहीत, संवादच स्वरांत चालतो. मुसोर्गस्कीने १८६८ मध्ये याही पुढे जाऊन गोगोलच्या 'लग्न' या गद्य प्रहसनाचा एक अंक तसाच स्वरबद्ध केला. तो प्रयोग त्याने अर्धवट सोडला, पण त्यातून त्याच्या कानाला जी तालीम मिळाली ती अमोल होती. त्याआधीचे, १८६६ मधले 'साविश्ना' हे गीतही याच कानाचा उत्तम नमुना आहे. एक वेडसर, दीन मनुष्य एका सुंदर तरुणीकडे प्रेमाची याचना करतो आहे, असे दृश्य मुसोर्गस्कीने एका खेड्यात खिडकीतून पाहिले होते, असे स्तासोव्हने लिहून ठेवले आहे. गीतात पाच मात्रांचे आवर्तन आणि प्रत्येक मात्रेवर एक अक्षर आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सर्व स्वर सारख्याच लांबीचे, आणि गायकाला श्वास घेण्यासाठी एकही विराम लिहिलेला नाही. ज्याला कोणी बोलूच देत नाही असा मनुष्य संधी मिळताच धापा टाकत एका दमात सारे सांगून टाकतो, तसे ते ऐकू येते. पाठ्यपुस्तकाच्या निकषांवर या गीताला ना वाक्यरचना आहे ना समतोल. पण त्या माणसाची लाचारी आणि स्वाभिमान दोन्ही त्या सपाट, अखंड स्वरमालिकेत उतरले आहेत.

'बोरिस गोदुनोव्ह' हा याच कानाचा मोठा आविष्कार होय. पुश्किनच्या नाटकावर आणि करमझिनच्या इतिहासावर आधारलेला हा ऑपेरा १५९८ ते १६०५ या बोरिसच्या कारकिर्दीची, राजपुत्र दिमित्रीच्या खुनाचा संशय ज्याच्यावर आहे अशा झारच्या अंतःकरणाची आणि एका भोंदू राजपुत्राच्या उठावाची कथा सांगतो. पहिल्याच प्रवेशात मठाच्या दाराशी जमवलेला जमाव बोरिसने राज्य स्वीकारावे म्हणून आक्रोश करतो. त्याचे गाणे लोकगीताच्या घाटाचे, करुण आणि अस्सल आहे. परंतु काठी घेतलेला एक अंमलदार ते गाणे त्यांच्याकडून करवून घेतो आहे, आणि तो पाठमोरा होताच जमावातली माणसे आपण नेमके कशासाठी ओरडतो आहोत असे एकमेकांना विचारू लागतात. लोकांचे गाणे आणि लोकांचे मन यांत सत्तेने पाडलेली फट त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही राष्ट्रवादी ऑपेरात इतकी उघड दिसत नाही. ग्लिंकाचा शेतकरी झारसाठी प्राण देतो. मुसोर्गस्कीचा शेतकरी झारसाठी रडतो, कारण रडला नाही तर मार बसेल.

दुसऱ्या प्रवेशात राज्याभिषेकाच्या घंटा वाजतात. पाश्चात्त्य चर्चमधील घंटा स्वतः झुलते. रशियन घंटा जागच्या जागी स्थिर असते, तिची जीभ दोरीने ओढून ती वाजवतात, आणि तिचा नाद कोणत्याही स्वरसप्तकात नीट बसवलेला नसतो. मुसोर्गस्कीने हा नाद ऑर्केस्ट्रात आणण्यासाठी केवळ दोन मेळ वापरले. दोन्ही मेळ हार्मनीच्या व्याकरणात अस्वस्थ मानले जाणारे, विसावा मागणारे आहेत. त्यांच्या आधारस्वरांमधले अंतर षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातील अंतराइतके, म्हणजे सप्तकाचे अगदी दोन सारखे भाग करणारे आहे, आणि दोहोंतील चार-चार स्वरांपैकी दोन स्वर सामाईक आहेत. नियमाप्रमाणे यांतील प्रत्येक मेळाने आपापल्या स्थिर मेळाकडे जायला हवे. मुसोर्गस्की त्यांना तसे जाऊ देत नाही. ते दोन सामाईक स्वरांच्या खुंटीवर इकडून तिकडे हेलकावे खात राहतात, लय दुपटीने वाढते, आणि विसावा येतच नाही. ज्या झारला यापुढे एक क्षणही स्वस्थता मिळणार नाही त्याच्या अभिषेकाचे हे संगीत आहे. घंटेचा प्रत्यक्ष नाद ऐकून त्यावरून स्वरमेळ बेतले, आणि त्या मेळांनी नाटकाचा अर्थ सांगितला, असा हा दुहेरी योग आहे. त्यावर चढणारे 'स्लावा' हे गीत बेथोव्हेनच्या चतुष्कात काउंटरपॉइंटच्या कसरतीला जुंपलेले होते. येथे ते जमावाच्या कंठात परत आले आहे.

१८६९ मध्ये पूर्ण झालेला सात प्रवेशांचा ऑपेरा इम्पीरियल थिएटर्सच्या समितीने नाकारला, आणि प्रमुख स्त्री-भूमिका नसणे हे त्यातले एक मोठे कारण होते. मुसोर्गस्कीने पोलंडातला अंक आणि मारिना ही नायिका घातली, क्रोमीच्या जंगलातील बंडाचा प्रवेश रचला आणि १८७२ पर्यंत दुसरी आवृत्ती सिद्ध केली. हे पुनर्लेखन चालू असताना, १८७१–७२ च्या हिवाळ्यात, तो आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह एकाच खोलीत राहत होते. खोलीत पियानो एकच होता. सकाळी मुसोर्गस्की पियानोवर बसे आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह आधी मनात पक्के झालेले टिपून काढी किंवा ऑर्केस्ट्रासाठी मांडणी करी. दुपारी बारा वाजता मुसोर्गस्की कचेरीला गेला की पियानो दुसऱ्याच्या हाती येई. एकाच्या 'बोरिस'मधले बंड आणि दुसऱ्याच्या 'प्स्कोव्हची तरुणी'मधली लोकसभा एकाच छपराखाली आकार घेत होती, आणि दोन्ही प्रवेशांत जमाव ज्या रीतीने तुकड्यातुकड्यांनी बोलतो त्यात हे सान्निध्य कळून येते. 'बोरिस' १८७४ मध्ये मारिन्स्की थिएटरात झाला. श्रोत्यांनी, विशेषतः तरुणांनी, तो उचलून धरला. टीकाकारांनी झोडपला, आणि त्यांत आपल्याच गटातला क्युई होता याचे दुःख मुसोर्गस्कीला खोल लागले.

दरम्यान रिम्स्की-कोर्साकोव्हच्या आयुष्याला वेगळे वळण लागले होते. 'अल्माझ' या जहाजावरून न्यूयॉर्क आणि ब्राझीलपर्यंत जाऊन आलेल्या या सत्तावीस वर्षांच्या नौदल अधिकाऱ्याला १८७१ मध्ये कॉन्झर्वेटरीने प्राध्यापक नेमले. ज्यावर व्याख्याने द्यायची ते हार्मनीचे साधे पारिभाषिक शब्दही आपल्याला येत नव्हते, हे त्याने आत्मवृत्तात मोकळेपणाने सांगितले आहे. पुढची काही वर्षे तो विद्यार्थ्यांच्या एक पाऊल पुढे राहून शिकत होता; १८७५ च्या सुमारास त्याने फ्यूग, म्हणजे एकच विषय निरनिराळ्या आवाजांत क्रमाने आणून गुंफण्याची कठीण रचना, साधनेसाठी डझनावारी लिहिल्या. चायकोव्स्कीने या निष्ठेपुढे मान तुकवली, आणि नंतर एका खाजगी पत्रात हा मनुष्य एक तर थोर आचार्य होईल किंवा काउंटरपॉइंटच्या क्लृप्त्यांत गटांगळ्या खाईल, अशी भीतीही व्यक्त केली. तो आचार्य झाला. ग्लाझुनोव्ह, लियादोव्ह, स्त्राविन्स्की आणि इटालियन रेस्पिगी त्याच्याकडे शिकले. १९०५ च्या विद्यार्थी-आंदोलनाची बाजू घेतल्याबद्दल त्याला काही काळ नोकरीवरून काढले गेले, यावरून त्याचा कणा किती ताठ होता हेही दिसते.

मुसोर्गस्की १८८१ मध्ये, ४२ वर्षांचा असताना, लष्करी रुग्णालयात मरण पावला. त्याआधी थोडेच दिवस इल्या रेपिनने रंगवलेले त्याचे व्यक्तिचित्र सर्वपरिचित आहे. त्याची हस्तलिखिते रिम्स्की-कोर्साकोव्हने ताब्यात घेतली. अपूर्ण 'खोवान्श्चिना' त्याने पुरा केला, गीते छापण्यासाठी तयार केली, 'बोडक्या डोंगरावरील रात्र' जवळजवळ नव्याने रचली. १८८७ मध्ये बोरोदिन अकस्मात गेला तेव्हा अठरा वर्षे रेंगाळलेला 'प्रिन्स इगोर' ग्लाझुनोव्हला बरोबर घेऊन त्यानेच पूर्ण केला, आणि तो १८९० मध्ये रंगभूमीवर आला. मित्रांच्या कामासाठी स्वतःच्या निर्मितीची इतकी वर्षे देणारा दुसरा संगीतकार इतिहासात शोधून सापडणार नाही.

'प्रिन्स इगोर'चा उल्लेख आला असता राष्ट्रीय संगीताच्या आणखी एका अंगाकडे दृष्टी टाकणे भाग आहे. बोरोदिनचे पोलोव्ह्त्सी नृत्य, बालाकिरेव्हचे 'इस्लामेय' (१८६९), रिम्स्की-कोर्साकोव्हची 'शेहेराझाद' (१८८८) यांतील पूर्वेचे रंग रशियन शैलीची ओळख बनले. पण तो पूर्वेकडचा प्रदेश तेव्हा रशियन फौजा पादाक्रांत करत होत्या. बोरोदिनचे 'मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात' (१८८०) हे स्वरचित्र झार दुसरा अलेक्झांडर याच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवासाठी लिहिलेले होते, आणि त्यात आशियाई तांडा रशियन सैन्याच्या संरक्षणाखाली निर्धास्तपणे जातो. शेवटी दोघांची गीते एकमेकांत मिसळतात. ती मिसळण अतिशय सुंदर आहे आणि जिंकलेल्यांच्या मनाशी तिचा काहीही संबंध नाही. चायकोव्स्कीची दुसरी सिंफनी (१८७२) युक्रेनी गीतांवर उभी आहे, आणि ती 'लिटल रशियन' या साम्राज्याने युक्रेनींना दिलेल्या नावाने दीर्घकाळ ओळखली गेली. बालाकिरेव्हच्या वर्तुळाच्या पत्रव्यवहारात रुबिनस्टाइनविषयी आणि एकूणच ज्यूंविषयी जो द्वेष आढळतो तोही झाकण्यासारखा नाही. राष्ट्रीय कान जे ऐकण्यासाठी उघडला त्याच्या शेजारीच तो काही गोष्टींसाठी बंदही होता.

'बोरिस'ची रिम्स्की-कोर्साकोव्हने केलेली आवृत्ती १८९६ मध्ये निघाली आणि तिचे पुढचे रूप १९०८ मध्ये. या ऑपेरावर आपले जितके प्रेम आहे तितकाच रागही आहे; त्यातील मौलिकता, सामर्थ्य आणि सौंदर्य यांसाठी प्रेम, ओबडधोबड हार्मनी आणि अपुऱ्या घडणीसाठी राग, अशा आशयाचे त्याने लिहिले आहे, आणि त्याने केलेल्या दुरुस्त्या या दोन्ही भावनांतून आल्या आहेत. त्याने काही भागांची स्वरस्थाने बदलली, खडबडीत मेळ गुळगुळीत केले, चालींचे कोपरे घासले, मुसोर्गस्कीच्या करड्या, खालच्या पट्टीतल्या वाद्यमेळावर झळाळता मुलामा चढवला आणि काही भाग गाळले. सर्वांत मोठा बदल क्रमाचा होता. मुसोर्गस्कीच्या दुसऱ्या आवृत्तीत आधी बोरिस मरतो आणि मग क्रोमीचे बंड येते. भोंदू राजपुत्रामागे जमाव निघून जातो, रिकाम्या रंगमंचावर एक 'युरोदिवी', म्हणजे देवाच्या नावाने भटकणारा वेडसर भिकारी, एकटा उरतो आणि रशियाच्या भवितव्यासाठी रडतो. रिम्स्की-कोर्साकोव्हने हे दोन प्रवेश उलटे लावले आणि ऑपेरा बोरिसच्या मृत्यूवर संपवला. नाट्यदृष्ट्या तो शेवट भारदस्त आहे, थोर गायकाला त्यात मोठा वाव आहे, आणि १९०८ मध्ये सर्गेय दियागिलेव्हने पॅरिसच्या ऑपेरागृहात फ्योदोर शल्यापिनला घेऊन केलेला प्रयोग याच आवृत्तीचा होता. त्या प्रयोगासाठी राज्याभिषेकाचा प्रवेश लांबवण्यातही आला. पश्चिम युरोपने 'बोरिस' डोक्यावर घेतला तो असा. पण शेवटचा शब्द लोकांचा असावा की राजाचा, हा कथेचा कणाच त्या अदलाबदलीने वाकला. जमावाची शोकांतिका एका राजाची शोकांतिका झाली, आणि ती 'दुरुस्ती' म्हणून झाली, ही यातील खेदाची बाब आहे.

या बदलांना केवळ पोथीनिष्ठा म्हणून निकालात काढणे मात्र अन्यायाचे होईल. रिम्स्की-कोर्साकोव्ह स्वतः नियमबाह्य स्वरांचा मोठा शोधक होता. एक आड एक अर्ध्या आणि पूर्ण स्वरांतराने चढणारे जे आठ स्वरांचे सप्तकबाह्य सप्तक त्याने १८६७ च्या 'सादको' या स्वरचित्रापासून वापरले त्याला रशियात त्याचेच नाव मिळाले आहे, आणि मुसोर्गस्कीच्या घंटांचे दोन्ही मेळ त्यात नेमके बसतात. फरक असा की तो अपरिचित स्वर जादूगार, जलकन्या आणि परीराज्ये यांच्यासाठी राखून ठेवी आणि माणसांना परिचित हार्मनीत बोलायला लावी. मुसोर्गस्कीने तेच स्वर अंमलदार, भिकारी आणि झार यांच्या तोंडी दिले. नियमबाह्य स्वर अद्भुतात खपतात, रोजच्या बोलण्यात आले की अशुद्ध वाटतात, आणि अशा वेळी सर्वांत कुशल आणि सर्वांत प्रामाणिक मित्राचाही हात दुरुस्तीसाठी पुढे होतो.

मूळ मुसोर्गस्कीची किंमत परदेशात फार थोड्यांना लवकर कळली. त्यांत क्लोद देब्यूसी होता. 'बालकांची खोली' या गीतमालिकेवर १९०१ मध्ये लिहिताना त्याने याच अनघड वाटणाऱ्या पद्धतीची मनापासून वाखाणणी केली, आणि फ्रेंच भाषेच्या बोलण्याप्रमाणे चालणाऱ्या त्याच्या 'पेलेआस आणि मेलिसांद' या ऑपेराचे या परंपरेशी नाते अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. रशियात पावेल लाम्मने हस्तलिखिते लावून मूळ 'बोरिस' १९२८ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी लेनिनग्राडला त्याचा प्रयोग झाला. तरी रंगमंडळांना मुसोर्गस्कीचा वाद्यमेळ अपुरा वाटतच राहिला. दिमित्री शोस्ताकोविचने १९४० मध्ये आणखी एक मांडणी सिद्ध केली, मात्र त्याने चाली आणि मेळ मूळचेच राखले. १९७५ मध्ये डेव्हिड लॉइड-जोन्सची चिकित्सक आवृत्ती निघाल्यावर मोठ्या ऑपेरागृहांत मुसोर्गस्कीचेच शब्द, मुसोर्गस्कीचेच मेळ आणि मुसोर्गस्कीचीच वाद्ये ऐकू येऊ लागली. कोणी १८६९ चे सात प्रवेश करतात, कोणी १८७२ ची आवृत्ती, आणि दोन्ही आता सारख्याच मान्य आहेत.

या सगळ्याची शक्यता रिम्स्की-कोर्साकोव्हने स्वतःच गृहीत धरली होती. आपण मूळ रचना नष्ट केलेली नाही, जुन्या भित्तिचित्रावर कायमचा रंग फासलेला नाही; उद्या कोणाला मूळच श्रेष्ठ वाटले तर आपली आवृत्ती बाजूला ठेवून मुसोर्गस्कीच्याच प्रतीवरून प्रयोग करावा, असे त्याने आत्मवृत्तात निःसंदिग्धपणे नमूद केले आहे. मित्राची हस्तलिखिते त्याने जपून ठेवली, म्हणून लाम्मला काम करता आले.